पुसणार काय काय?

‘पुसून टाका’ हे दोन शब्द हल्ली फार स्वस्त झाले आहेत. इतिहास वाचायचा म्हणजे दिवा लावून बसावे लागते. पुसायला एक ओले फडके पुरते. जून २०२३ मध्ये शिवराज्याभिषेकाच्या साडेतीनशेव्या वर्षाच्या निमित्ताने गोव्याच्या मुख्यमंत्र्यांनी बेतुलच्या किल्ल्यावरून असे सांगितले की, मुक्तीला साठ वर्षे झाली, आता पोर्तुगीजांच्या खुणा पुसून टाकायला हव्यात. अशा वाक्याला टाळ्या पडतातच. पडाव्यात याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती अशी की टाळ्या थांबल्यावर कोणीही उठून विचारले नाही : साहेब, खुणा म्हणजे नेमक्या कोणत्या?

ते वाक्य आमच्या कर्जतापर्यंत यायलाही वेळ लागला नाही. (हे कर्जत नगर जिल्ह्यातले, म्हणजे २०२४ पासून अहिल्यानगर जिल्ह्यातले, सिद्धटेकच्या गणपतीचे आणि राशीनच्या हलत्या दीपमाळांचे. आगगाडी थांबते आणि बटाटेवडा मिळतो ते कर्जत निराळे. जिल्हा सांगितला नाही तर आमचे पाहुणे तिकडेच उतरतात.) आमचे एक वडीलधारे स्नेही आहेत, सारा गाव त्यांना अण्णा म्हणतो. ते पारावर बसून म्हणाले, “ब्येस बोलला माणूस. फिरंग्याचं नावनिशाण कशाला ठेवायचं? घालायचा घाव अन् व्हायचं मोकळं.” आम्ही विचारले, “अण्णा, पहिला घाव कोणत्या खुणेवर घालायचा?” अण्णा म्हणाले, “ते तुमी शिकल्यासवरल्या मान्सांनी सांगायचं.”

तेव्हा सांगतो. फराळाचे ताट पुढे असताना कोरडा इतिहास वाचायला लावणे बरे नव्हे हे कळते. पण हा इतिहास त्या ताटातूनच गेलेला आहे, हे वाचकांना पुढे दिसेल.

खुणा शोधायच्या तर शहराच्या चौकात शोधाव्यात. राज्यकर्ता आपली ऐट चौकात मांडतो आणि राज्य गेले की लोक आपला राग चौकात काढतात. पणजीचे आझाद मैदान घ्या. पोर्तुगीज अमदानीत त्याचे नाव अफोन्सो द आल्बुकेर्क चौक असे होते. ज्याने १५१० साली गोवा घेतला, तोच हा आल्बुकेर्क. १८४७ साली तिथे खांबांचा एक देखणा मंडप उभा राहिला आणि मंडपात त्याचा पुतळा बसला. हे खांब नवे घडवलेले नव्हेत. जुन्या गोव्यातले डोमिनिकन पंथाचे चर्च मोडकळीला आले होते, त्याचे सोळाव्या शतकातले खांब उचलून पणजीला आणले. म्हणजे पोर्तुगीजांनी स्वतःच आपली एक खूण मोडून दुसरी उभारली! १९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. आल्बुकेर्कचा पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात गेला आणि त्याच मंडपात त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांचे स्मारक झाले. गोमंतकीयांना पोर्तुगीजांनी मनाने कसे परके केले यावर ज्यांनी १९४४ साली पुस्तिका लिहिली, ज्यांना १९४६ साली पकडून पोर्तुगालातल्या पेनिशच्या किल्ल्यात डांबले, ते हे कुन्हा. त्यांच्या डोक्यावर आज डोमिनिकनांचे खांब छत्र धरून उभे आहेत.

आता पुसणाऱ्यांनी सांगावे, हा मंडप कोणाचा? पोर्तुगीजांचा म्हणून पाडावा, तर कुन्हा उघड्यावर पडतात. तो तसाच राहिला म्हणून गोव्याच्या स्वातंत्र्यात काय उणे आले? आमच्या मते तर तो पाडला असता तर सूड अर्धाच झाला असता. ज्याला तुरुंगात टाकले तो त्यांच्याच मंडपात मालक होऊन बसतो, याहून मोठा विजय कोणता?

तिथून चर्चच्या चौकाकडे जावे. पांढऱ्या पायऱ्यांचे ते चर्च सिनेमात इतक्यांदा येऊन गेले आहे की ते कर्जतच्या पोरांनाही ठाऊक आहे. त्याची मोठी घंटा १८७१ मध्ये बसवली. तीही मुळात जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची. समोर बाग आहे. बागेतल्या खांबावर एके काळी वास्को द गामा होता, आता अशोकाचे सिंह आहेत. बागेला नाव आहे गार्सिया द ओर्ता याचे. इथे आम्हांला थोडे थांबावे लागेल, कारण हा माणूस गोव्याइतकाच आमच्या नगरचा आहे.

अण्णांचा दुसरा प्रश्न तोच होता : “आपुन दुष्काळी मुलखातली मानसं, आपला त्या दर्याकाठच्या चौकाशी संबंध काय?” संबंध असा. गार्सिया द ओर्ता १५३४ साली पोर्तुगालातून गोव्यात आला. पेशाने वैद्य. नगरचा सुलतान बुर्हाण निजामशहा त्याच्या ओळखीचा. ओर्ता त्याला औषधोपचार करी आणि त्याच्या दरबारच्या हकिमांशी चर्चा करी. अरबांचे वैद्यक, इथल्या वैद्यांचे वैद्यक आणि युरोपातले वैद्यक यांची गाठ घालून त्याने संवादरूपाने एक ग्रंथ रचला. तो १५६३ साली गोव्यात छापला गेला. हिंग, सुपारी, अफू, आंबा, सगळे त्यात आहे. चोपचिनीही आहे. आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका थंडीत जिचा पाक करून खाऊ घालीत, ती चोपचिनी म्हणजे चीनमधून आलेले मूळ. चीनचे मूळ, पोर्तुगीजांचे गलबत, गोव्याचा छापखाना आणि नगरच्या सुलतानाचा वैद्य, असा हा मेळ! १५६३ मध्ये हिंदुस्थानात किती पुस्तके छापली जात होती? बोटांवर मोजावीत इतकी. त्यांतल्या एकाच्या कर्त्याने आमच्या नगरचे मीठ खाल्ले होते.

आणि या ओर्ताचे पोर्तुगीजांनी काय केले? तो ज्यू वंशाचा. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला धर्मसभेने, ज्याला इन्क्विझिशन म्हणतात तिने, जिवंत जाळले. एवढ्याने भागले नाही म्हणून १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून जाळली. म्हणजे पणजीच्या बागेवरचे हे ‘फिरंगी’ नाव फिरंग्यांच्याच हातून जळालेल्या माणसाचे आहे. खुणा पुसणारा तिथे फडके घेऊन गेला, तर इन्क्विझिशनचे उरलेले काम तो पुरे करील.

आता कोणी म्हणेल, हे सारे ठीक, पण जखमा खोट्या होत्या काय? खोट्या मुळीच नव्हत्या. १५६० ते १८१२, मधली चार-पाच वर्षे सोडता, ते न्यायासन गोव्यात माणसांना भाजून काढीत होते. साष्टीतली देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. माणसे देव घेऊन रातोरात नदी ओलांडून पळाली. हे ज्याला दुखत नाही त्याने गोव्यावर लिहू नये. पण तीच कवळ्याची शांतादुर्गा पाहा. आजचे देऊळ १७३८ च्या सुमाराचे. शाहू महाराजांच्या दरबारचे मंत्री नारोराम यांच्या खटपटीने झालेले. त्या देवळाला घुमट आहे, कमानीच्या खिडक्या आहेत, चर्चच्या दर्शनी भिंतींना असतात तसे भिंतीत बसवलेले खांब आहेत, आत झुंबरे आहेत. ज्या लोकांचे देव पोर्तुगीजांनी हाकलले त्यांनीच नवे देऊळ बांधताना पोर्तुगीजांचा घुमट उचलला. त्यांना लाज नव्हती काय? त्यांना अक्कल होती. घुमट गवंड्याने बांधला, तो गवंडी गोव्याचा होता. चुना त्याचा, जांभा दगड त्याचा, हात त्याचे. खूण पोर्तुगीजांची कशी झाली?

हे आमच्या बाजूला समजणे फारसे कठीण नाही. फिरंग नावाची तलवार आमच्या शिलेदारांच्या कमरेला असे. पाते युरोपातले, मूठ इथली. तिने फिरंगीही कापले गेले. वसई १७३९ साली चिमाजीआप्पांनी हजारो माणसांचे मोल देऊन घेतली. त्या वेळी चर्चच्या घंटा मिळाल्या, त्या त्यांनी वितळवल्या काय? त्यांतली एक नाशिकला गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात आली. तिच्यावर १७२१ हे साल आहे आणि देऊळ १७४७ चे आहे. तिचा आवाज एवढा की तोंडाळ माणसाला आपण अजून ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. दुसरी भीमाशंकरला. तिसरी मेणवलीला, नाना फडणिसांच्या वाड्याजवळच्या घाटावर; तिच्यावर मेरीची मूर्ती आहे. पेशवाईतले कर्मठ ब्राह्मण त्या घंटेखाली संध्या करीत आले आणि कोणाचीही संध्या बाटली नाही. ज्यांनी खरोखर रक्त सांडून जिंकले त्यांना पुसायची घाई नव्हती. ही घाई आज ज्यांनी काहीच जिंकलेले नाही त्यांना सुटली आहे.

आता थोडे गलबतात बसू, कारण पणजीची एक बहीण पूर्वेच्या समुद्रावर आहे आणि तिची गोष्ट सांगितल्यावाचून हा वाद पुरा होत नाही. मकाव हे बंदर चीनच्या दक्षिण किनाऱ्यावर. पोर्तुगीज तिथे १५५७ च्या सुमाराला वसले. १८४४ पर्यंत मकाव गोव्याच्या हाताखाली होते. तिथल्या कारभाराची शेवटची सही मांडवीकाठी होई. त्या शहराच्या मध्यावर एक चौक आहे. पोर्तुगीज त्याला सेनेटचा चौक म्हणत, कारण एका अंगाला त्यांच्या नगरसभेची इमारत आहे, १७८४ ची. चिनी लोक त्याला सल्लामसलतीच्या मंडपापुढचे आवार अशा अर्थाच्या नावाने ओळखत, कारण चिनी अधिकारी आणि पोर्तुगीज यांच्या भेटी तिथल्या मंडपात होत. एकाच फरसबंदीची दोन नावे, आणि दोन्ही खरी. त्याच्या आसपास १५६९ मध्ये स्थापन झालेल्या दीनदुबळ्यांच्या संस्थेचे पांढरे घर आहे, १५८७ पासूनचे डोमिनिकनांचे पिवळे चर्च आहे आणि जवळच्याच गल्लीत चिनी व्यापाऱ्यांचे तीन पेठांचे सभागृह आहे. त्यात युद्धदेवतेची पूजा चालते आणि एके काळी पेठेतले तंटे तिथेच मिटत.

या चौकात १९४० साली पोर्तुगीजांनी मेस्किता नावाच्या एका लष्करी अधिकाऱ्याचा पुतळा बसवला. १८४९ मध्ये गव्हर्नरचा खून झाल्यावर याने मूठभर शिपाई घेऊन चिनी ठाण्यावर हल्ला केला होता. चिनी लोकवस्तीच्या भर चौकात तलवार उपसलेला हा माणूस! २६ वर्षे लोकांनी तो पाहिला. डिसेंबर १९६६ मध्ये एका शाळेच्या बांधकामावरून दंगल पेटली, गोळीबारात आठ माणसे गेली आणि त्या रागात जमावाने पुतळा खाली ओढला. नगरसभेतली दप्तरे रस्त्यावर आली. इमारत मात्र राहिली. चर्च राहिले. पुढे १९९० नंतरच्या वर्षांत त्या चौकाला पोर्तुगीज पद्धतीची काळ्यापांढऱ्या दगडांची, लाटांच्या नक्षीची फरशी घातली. १९९९ च्या २० डिसेंबरला, म्हणजे गोव्याच्या मुक्तीनंतर ३८ वर्षे आणि एक दिवसाने, मकाव चीनकडे गेले. पोर्तुगीज झेंडा उतरला. मग चीनने, जो परक्याच्या अपमानाबद्दल काही कमी हळवा देश नाही, त्या लाटा उखडल्या काय? नाही. २००५ साली मकावचा जुना भाग जागतिक वारशाच्या यादीत घातला गेला, आणि अर्ज केला होता चीनने. नगरसभेच्या इमारतीत आजही नगराचाच कारभार चालतो. पुतळ्याच्या जागी कारंजे आहे आणि गावातली माणसे चौकाला बोलताना कारंजे म्हणूनच ओळखतात.

कोणी असे समजू नये की मकावच्या राज्यकर्त्यांना आम्ही साधू ठरवतो आहोत. त्या शहराचे पोट जुगारावर चालते, आणि चौकाचा गिलावा ताजा ठेवण्यामागे प्रवाशांच्या पाकिटाचाही विचार आहेच. गोव्यातही तो रोग आहे. फोंतैन्यास या मोहल्ल्याला ‘लॅटिन क्वार्टर’ म्हणायचे, निळ्यापिवळ्या भिंतीला टेकून लग्नाआधीची छायाचित्रे काढायची आणि त्या घरातल्या म्हातारीने दुपारी दार लोटून झोपावे म्हटले तर तिलाही चित्रात उभे करायचे, हा दुसऱ्या जातीचा पुसण्याचाच प्रकार आहे. पहिला म्हणतो, इथे पोर्तुगीज कधी नव्हतेच. दुसरा म्हणतो, इथे पोर्तुगीजांशिवाय कोणी नव्हतेच. मंडपाचे खांब उचलून आणणारे हमाल दोघांनाही दिसत नाहीत. पणजीतच जुन्या सचिवालयाजवळ आबे फारिया यांचा पुतळा आहे, संमोहन करीत असलेला. फारिया कांदोळीचे. पुतळा १९४५ चा, पोर्तुगीज राजवटीतला, पण घडवला रामचंद्र पांडुरंग कामत यांनी. आणि ते सचिवालय मूळचे आदिलशहाचा वाडा, पुढे व्हाइसरॉयचा निवास, पुढे स्वतंत्र गोव्याची विधानसभा. कोणती तारीख पुसायची आणि कोणती ठेवायची?

आमच्या नगरचा हिशेब तर आणखी गुंतागुंतीचा. चौल हे निजामशाहीचे बंदर. १५२१ मध्ये याच बुर्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी तिथे, आजच्या रेवदंड्याला, किल्ला बांधला. पुढे तो काढून घ्यायला नगरच्या फौजांनी १५७०-७१ मध्ये वेढा घातला, तो फसला. १५९४ मध्ये समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर नगरच्या फौजेचा पुरता फडशा उडाला. आमच्या भागातले किती जवान तिथे पडले असतील कोण जाणे. त्या कोर्लई गावात आज हजारभर माणसे एक बोली बोलतात. तिची हाडे पोर्तुगीज, रक्तमांस मराठी. पोर्तुगीज लोक १७४० साली चौल सोडून गेले. बोली पावणेतीनशे वर्षे मागे राहिली, कारण ती बोलणारी माणसे इथलीच, शेती आणि मासेमारी करणारी होती. ही खूण पुसायची तर त्यांच्या आयांच्या जिभा धुवाव्या लागतील.

आणि आपल्या जिभा? अण्णांनी त्या दिवशी पारावर जे भाषण केले त्यात आम्ही मुद्दाम मोजले. घाव घालू म्हणताना त्यांनी घमेल्याचे नाव घेतले, शेजारच्या शेताच्या लिलावाची हकीकत सांगितली, मुलाला पगार वेळेवर होत नाही म्हणून कुरकुरले आणि उठताना घराची चावी चाचपली. घमेले, लिलाव, पगार, चावी, सगळे पोर्तुगीज. दाराची बिजागरी पोर्तुगीज. बटाटा, काजू, पाव, कोबी पोर्तुगीजांबरोबर आले आणि त्यांचीच नावे लेवून राहिले. हापूस हा अफोन्सोचा अपभ्रंश. आल्बुकेर्क मैदानातून गेला, आमरसाच्या वाटीतून गेला नाही. चिवड्यातली हिरवी मिरचीही पलीकडच्या खंडातून त्यांच्याच गलबतांनी आणली. तिला मात्र आपण आपले नाव दिले. या दिवाळीत ज्याला खुणा पुसायच्या असतील त्याने स्वयंपाकघरात जाऊन घरच्या बाईला तसे सांगून पाहावे. आम्ही दाराबाहेर थांबू.

थट्टा राहू द्या. खरा प्रश्न दगडाचा किंवा शब्दाचा नाहीच, दप्तराचा आहे. पोर्तुगीजांनी मराठ्यांविषयी लिहिलेली पत्रे, तह, हेरांच्या बातम्या गोव्याच्या दप्तरखान्यात आहेत. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घालवून ती वाचली आणि ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ १९६७ साली मराठीत दिला. शिवाजीमहाराजांच्या आणि संभाजीमहाराजांच्या कारभाराचा एक मोठा भाग आपल्याला शत्रूच्या कागदांतून कळतो. ज्या राज्याभिषेकाच्या नावाने बेतुलच्या किल्ल्यावर भाषण झाले, त्या राजाची शत्रूला किती धास्ती होती याचा लेखी पुरावा पोर्तुगीज भाषेत आहे. ती भाषा वाचणारी माणसे मराठीत आता किती उरली? खुणा पुसायला उत्साही मंडळी शेकड्यांनी मिळतात. एक मोडी आणि एक पोर्तुगीज शिकलेला तरुण मिळत नाही. त्यासाठी शिष्यवृत्ती जाहीर झाली असती तर बेतुलच्या टाळ्यांत आमच्याही दोन पडल्या असत्या.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पुसायच्या खुणांची यादी जाहीर करावी. जे अपमानाचे होते ते त्या त्या काळी माणसांनी काढले. आल्बुकेर्क गेला, गामा गेला, तिकडे मेस्किता गेला, आणि त्याबद्दल आम्हांला काडीचे दुःख नाही. पण यादी करायची तर ती प्रामाणिकपणे करावी, आणि वरून सुरू करावी. १८६७ सालचा पोर्तुगीज दिवाणी कायदा १८७० पासून गोव्यात लागू आहे. वारसाहक्काचा भाग गोवा विधानसभेच्या २०१२ च्या कायद्यात गेला असला, तरी लग्नाच्या आणि नवराबायकोच्या मालमत्तेच्या बाबतीत गोव्यातला हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान आजही त्याच कायद्याखाली आहे. लग्न झाले की वेगळा करार नसल्यास संपत्तीत बायकोचा निम्मा वाटा ठरतो. साऱ्या देशाला समान नागरी कायदा हवा असे सांगणारे पुढारी गोव्याच्या याच कायद्याकडे बोट दाखवून त्याची वाहवा करतात. लिस्बनला झालेला हा कायदा खुणांच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे, तेवढे कळवण्याची कृपा व्हावी.